अंगठ्याची निशाणी आणि यंत्राचा होकार

आठवडी बाजाराचा दिवस. गावातील बँक मित्राच्या लहानशा केंद्रापुढे पाच-सहा माणसे रांगेत उभी आहेत. रांगेतील एक वृद्ध स्त्री पुढे येते, आधार क्रमांक सांगते आणि समोरच्या छोट्या यंत्रावरील काचेवर अंगठा ठेवते. यंत्र नकार देते. "आजी, जरा पदराला बोट पुसा आणि पुन्हा ठेवा," बँक मित्र सांगतो. ती बोट पुसते, पुन्हा ठेवते. पुन्हा नकार. मग दुसरे बोट, मग तिसरे. शेवटी ती कंटाळून म्हणते, "बाबा, अंगठा माझाच हाय. दुसऱ्याचा कुठून आणू?"

ग्रामीण भागात हे दृश्य कोणालाही अपरिचित नाही. खाते तिचे, पैसे तिचे, अंगठाही तिचाच. तरीही यंत्र तिला ओळखत नाही. यंत्र बिघडलेले आहे, असे रांगेतील लोक म्हणतात. आजींचाच काहीतरी घोटाळा असेल, अशी शंकाही एखाद्याच्या मनात येऊन जाते. वास्तविक या दोन्हींपैकी काहीच घडलेले नसण्याची शक्यता अधिक असते. यंत्र ठणठणीत असते, ग्राहकही प्रामाणिक असतो, आणि तरीही नकार येतो. हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक साधा मायक्रोकंट्रोलर संच, बोटांचे ठसे वाचणारा एक छोटा सेन्सर आणि चार तारा एवढी सामग्री पुरेशी आहे. अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी हौसेने असा संच जुळवतात. बँकेच्या ग्राहकांनीही त्याची ओळख करून घेण्यासारखी आहे, कारण आता त्यांचा रोजचा व्यवहार त्याच तत्त्वावर चालतो.

शाईच्या ठशापासून सेन्सरपर्यंत

"निशाणी डावा अंगठा" हे शब्द जुन्या खरेदीखतांवर आणि कर्जरोख्यांवर हमखास आढळतात. लिहिता न येणाऱ्या माणसाला "अंगठाबहाद्दर" म्हणून हिणवले जात असे. मात्र ज्या ठशाची अशी चेष्टा झाली, त्याचे व्यवहारातील मोल ओळखण्याची सुरुवात आपल्याच देशात झाली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

१८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या कामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला. आपली सही आपण केलीच नाही, असे पुढे त्याने म्हणू नये म्हणून हर्शेलने त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे असताना त्याच अधिकाऱ्याने निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे नोंदवण्यास आरंभ केला. निवृत्तिवेतनधारक मरण पावल्यानंतरही त्याच्या नावाने दुसरेच कोणीतरी रक्कम उचलत असे, तो प्रकार थांबवणे हा त्यामागील हेतू होता. बँकेत हयातीचा दाखला घेणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला ही चिंता आजही परिचयाची वाटेल. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा जगातील पहिला विभाग सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झाली असली, तरी तिच्यामागील मुख्य परिश्रम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे होते.

यानंतरची मोठी पायरीही आपल्याच मातीत पडली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्याआधी, जानेवारी २००६ मध्ये, रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधींमार्फत बँकसेवा देण्यास परवानगी दिलेली होती, आणि २०१४ मध्ये जन-धन योजना आली. खाते, आधार आणि गावातील बँक मित्र या तिन्हींचा संगम झाला तो त्या छोट्या काचेवर. पूर्वी अंगठ्याचा ठसा कागदावर उमटत असे आणि माणूस तो पाहत असे. आता तो काचेवर क्षणभर टेकतो आणि त्याची पारख यंत्र करते.

काचेखाली काय घडते

बोटांवरील रेषा गर्भावस्थेतच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, पक्क्या झालेल्या असतात. आपल्याकडे हौशी ज्योतिषी बोटांवरील शंख आणि चक्रे मोजतात. यंत्राला मात्र शंख-चक्रांपेक्षा अधिक बारीक खुणा लागतात. एखादी रेषा मध्येच कोठे संपते आणि एखाद्या रेषेला कोठे फाटा फुटतो, ही दोन प्रकारची स्थाने सेन्सर शोधतो. त्यांना सूक्ष्मबिंदू म्हणता येईल. या बिंदूंची जागा आणि दिशा यांची नोंद म्हणजेच त्या बोटाचा नमुना. संपूर्ण चित्राऐवजी पुढील तुलनेसाठी हा नमुनाच वापरला जातो.

हे चित्र मिळवण्याची सर्वांत रूढ पद्धत प्रकाशीय आहे. काचेच्या लोलकात एका बाजूने दिव्याचा प्रकाश सोडतात. तो काचेच्या वरच्या पृष्ठभागावर अशा कोनात पडतो, की बाहेर न जाता पुन्हा आतच परावर्तित होतो. शालेय पुस्तकात आपण यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकलो आहोत. काचेवर बोट टेकले, की त्वचेचे उंचवटे जेथे काचेला चिकटतात तेथे हे परावर्तन मोडते आणि चित्रात काळी रेषा उमटते. दोन उंचवट्यांमधील खळग्यात हवा असते, त्यामुळे तेथे प्रकाश पूर्ववत परततो आणि चित्र उजळ राहते.

सारा खेळ त्वचा काचेला नीट टेकते की नाही, यावर अवलंबून असतो. कोरड्या, भेगाळलेल्या बोटाचे उंचवटे काचेला सलग चिकटत नाहीत, म्हणून रेषा तुटक दिसतात आणि प्रत्येक तुटलेले टोक यंत्राला खोटा सूक्ष्मबिंदू वाटू शकते. ओल्या किंवा घामट बोटाच्या खळग्यांत पाणी साचते, तेव्हा रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग तयार होतो. गवंड्याच्या हातातील सिमेंट आणि चुना अल्कधर्मी असल्याने त्वचेचा वरचा थर खातात. वीटभट्टीवर, शेतात किंवा विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा वर्षानुवर्षे घासल्या जातात. वयोमानाने त्वचा कोरडी पडते आणि तिचा ताणही कमी होतो. या रेषांचे मूळ त्वचेच्या खालच्या थरात असते, त्यामुळे काही काळ विश्रांती मिळाली तर वरवर झिजलेल्या रेषा पुन्हा स्पष्ट होऊ लागतात. पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला अशी विश्रांती कोण देणार?

टेबलावरील छोटी प्रयोगशाळा

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर आर-३०७ या नावाने मिळणारा प्रकाशीय सेन्सर आणि आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ही जोडी नवशिक्यांसाठी सोयीची आहे. आर्डुइनोचा जन्म २००५ मध्ये इटलीतील इव्रिया या गावी झाला. संगणकशास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करता यावेत, हा तेथील शिक्षकांचा उद्देश होता. त्यामुळे बोर्ड, त्याची संगणक प्रणाली आणि तयार प्रोग्रॅम हे सारे खुले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सेन्सर घेत असलेले चित्र २५६ गुणिले २८८ म्हणजे ७३,७२८ बिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूसाठी अर्धा बाइट धरला, तरी एका चित्राला ३६,८६४ बाइट लागतात. उनोची कार्यकारी स्मृती आहे अवघी २,०४८ बाइटची. म्हणजे हा बोर्ड ते चित्र एकाच वेळी सामावूनसुद्धा घेऊ शकत नाही. म्हणून चित्र घेणे, सूक्ष्मबिंदू शोधणे आणि तुलना करणे ही कामे सेन्सरमधील स्वतंत्र प्रक्रियक करतो. उनो फक्त आज्ञा देतो आणि उत्तर ऐकतो. शाखाधिकाऱ्याने स्वतः नोटा न मोजता रोखपालाकडून हिशेब घ्यावा, तसे हे नाते आहे.

जोडणी चार तारांची. एक तार विद्युतपुरवठ्याची. या सेन्सरला ४.२ ते ६ व्होल्ट लागतात, म्हणून ती उनोच्या ५ व्होल्टच्या खुंटीला जोडतात. दुसरी तार भूमीची, म्हणजे ग्राउंडची. तिसरी सेन्सरकडून संदेश आणणारी, ती उनोच्या २ क्रमांकाच्या खुंटीला. चौथी सेन्सरकडे संदेश नेणारी, ती ३ क्रमांकाच्या खुंटीला. सेन्सरच्या संदेशवाहिन्या ३.३ व्होल्टच्या पातळीवर काम करतात आणि उनोच्या ५ व्होल्टच्या. म्हणून चौथ्या तारेत १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रोधक विभाजकासारखे बसवतात. त्यामुळे ५ व्होल्टचे सुमारे ३.३ व्होल्ट होतात. सेन्सरच्या उरलेल्या दोन तारा बोटाचा स्पर्श झाल्याची सूचना देण्यासाठी असतात. पहिल्या प्रयोगात त्या मोकळ्या ठेवल्या तरी चालतात. तारांचे रंग उत्पादकागणिक बदलतात, त्यामुळे रंगावर न विसंबता सोबतच्या माहितीपत्रकातील क्रमच प्रमाण मानावा.

यानंतर अ‍ॅडाफ्रूट या संस्थेने खुल्या केलेल्या फिंगरप्रिंट लायब्ररीतील तयार प्रोग्रॅम बोर्डावर चढवला, की संगणकाच्या पडद्यावर सेन्सर सापडल्याचा संदेश यायला हवा. पहिल्याच प्रयत्नात तो येईल, असे मात्र नाही. बहुतेकांच्या हातून होणारी चूक म्हणजे येणारी आणि जाणारी अशा दोन संदेशतारांची अदलाबदल. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचले पाहिजे. दोघांची तोंडे एकमेकांना जोडून संवाद होत नाही. दुसरे कारण संदेशाच्या वेगाचे. हा सेन्सर मुळात सेकंदाला ५७,६०० बिट या वेगाने बोलतो; प्रोग्रॅममध्ये निराळा वेग असेल, तर उत्तर मिळत नाही. तिसरे कारण अपुरा विद्युतपुरवठा किंवा सैल तार. या तिन्ही गोष्टी शांतपणे एकामागून एक तपासल्या, की सेन्सर बोलू लागतो.

नोंदणी आणि पडताळणी

पुढचा टप्पा नोंदणीचा. सेन्सर एकच बोट दोनदा मागतो. प्रत्येक वेळी चित्र घेऊन त्यातील सूक्ष्मबिंदू काढतो, दोन्ही वेळची नोंद जुळवतो आणि त्यातून एक पक्का नमुना तयार करून ठरावीक क्रमांकावर साठवतो. असे एक हजारापर्यंत नमुने या सेन्सरमध्ये मावतात. बँकेत खाते उघडताना नमुना सहीचे कार्ड भरून घेतात, त्याचेच हे विद्युतरूप. त्या कार्डावरील सही घाईत केलेली असेल, तर पुढे प्रत्येक धनादेशाच्या वेळी अडचण येते. बोटाचेही तसेच आहे. नोंदणीच्या वेळचा ठसा पुसट असेल, तर नंतर कितीही चांगले यंत्र आणले तरी नकार येतच राहतो.

पडताळणीचे मार्ग दोन. पहिल्या मार्गात ग्राहक आपला क्रमांक सांगतो आणि त्या एकाच क्रमांकाच्या नमुन्याशी बोटाची तुलना होते. दुसऱ्यात क्रमांक न विचारता साठवलेल्या सर्व नमुन्यांत शोध घेतला जातो. वरवर पाहता दुसरा मार्ग सोयीचा वाटतो. पण त्यात जोखीम कशी वाढते, हे आकडेमोडीने कळते. परक्या बोटाला चुकून होकार देण्याचे प्रमाण ०.००१ टक्का, म्हणजे लाखात एक, असे या सेन्सरच्या माहितीपत्रकात म्हटलेले असते. एकाच नमुन्याशी तुलना असेल, तर हे प्रमाण नगण्य. परंतु एक हजार नमुन्यांत शोध घेतला, तर चूक होण्याच्या संधीही हजार मिळतात आणि लाखात एकचे प्रमाण साधारण शंभरात एकवर येते. आधार आधारित व्यवहारात बोटाबरोबर आधार क्रमांकही मागितला जातो तो याचसाठी. बोट कोणाचे आहे, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. हे बोट या क्रमांकाच्या व्यक्तीचे आहे काय, एवढेच विचारले जाते आणि उत्तर होय किंवा नाही असे येते.

दोन चुका आणि एक उंबरठा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. टेबलावरील सेन्सर "ठसा जुळला" असे सांगतो, तेव्हा त्यासोबत एक गुणसंख्याही देतो. तेच बोट पाच वेळा ठेवले, तर पाच निरनिराळ्या संख्या मिळतात. बोट थोडे तिरके पडते, दाब कमी-जास्त होतो, त्वचा कोरडी-ओली होते. म्हणजे यंत्राला शंभर टक्के खात्री कधीच नसते. साम्य किती आहे, एवढेच ते मोजते आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर होकार देते. ही मर्यादा, हा उंबरठा, निसर्गाने आखून दिलेला नाही. तो माणसाने ठरवलेला असतो. आर-३०७ मध्ये सुरक्षेच्या १ ते ५ अशा पातळ्या असून वापरणारा त्यांतील हवी ती निवडू शकतो.

उंबरठा खाली आणला, की खऱ्या माणसाला सहज प्रवेश मिळतो. पण परक्यालाही आत शिरण्याची संधी वाढते. उंबरठा वर नेला, की परका बाहेर राहतो. पण झिजलेल्या बोटाचा खरा मालकही बाहेरच उभा राहतो. पहिली चूक म्हणजे चुकीचा स्वीकार आणि दुसरी म्हणजे चुकीचा नकार. ठशाचा दर्जा तोच ठेवून केवळ उंबरठा हलवला, तर एक चूक कमी होताना दुसरी वाढतेच.

बँकेच्या काउंटरवर ही अडचण जुनीच आहे. धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहणारा अधिकारी फार उदार झाला, तर बनावट धनादेश वटतो. तो फार काटेकोर झाला, तर वार्धक्याने हात थरथरणाऱ्या खातेदाराचा धनादेश परत जातो. अनुभवी अधिकारी मात्र धनादेश परत करण्यापूर्वी खातेदाराला दूरध्वनी करतो, समोर बसवून पुन्हा सही घेतो, ओळख पटवतो. यंत्राला हा दुसरा विचार नाही. त्याचा नकार म्हणजे "हा माणूस खोटा आहे" असा निवाडा नसतो. "मला पुरेसे साम्य आढळले नाही," एवढाच त्याचा अर्थ.

सेन्सरची उत्तरे नीट वाचली, तर या नकाराचेही प्रकार दिसतात. काचेवर बोटच नाही; चित्र फार विस्कळीत आहे; सूक्ष्मबिंदू पुरेसे मिळाले नाहीत; आणि ठसा जुळला नाही, अशी निरनिराळी उत्तरे तो सांकेतिक क्रमांकांनी देतो. यांतील शेवटच्या उत्तरातच खरी तुलना झालेली असते. आधीच्या उत्तरांत तुलनेपर्यंत गाडी पोचलेलीच नसते. रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकाला मात्र या सर्वांचा अर्थ एकच कळतो: पैसे मिळाले नाहीत.

मूल्यमापन: सरासरीच्या आड कोण दडले आहे

संच चालू झाला, एवढ्याने मूल्यमापन होत नाही. घरातील दोन माणसांची बोटे जुळली म्हणून सेन्सर उत्तम ठरवणे म्हणजे दोन पावत्या पाहून लेखापरीक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देण्यासारखे आहे. त्यासाठी पद्धतशीर नोंदवही हवी. निरनिराळ्या वयाची आणि व्यवसायांची माणसे निवडावीत. प्रत्येकाचे नेमके कोणते बोट, कोणत्या स्थितीत, कितव्या प्रयत्नात ठेवले आणि काय उत्तर आले, हे लिहून ठेवावे. कोरडे बोट, धुऊन पुसलेले बोट आणि दिवसभराच्या कामानंतरचे बोट यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

समजा, १० जणांनी प्रत्येकी २० वेळा आपलेच बोट ठेवले. एकूण प्रयत्न २००, त्यांपैकी नकार १२. म्हणजे नकाराचे प्रमाण ६ टक्के. आकडा वाईट वाटत नाही. पण नोंदवही उघडून पाहिली आणि ते बाराही नकार एकाच गवंड्याच्या वाट्याला आलेले असले, तर? उरलेल्या नऊ जणांसाठी यंत्र निर्दोष आहे, आणि त्या गवंड्यासाठी मात्र २० पैकी १२ वेळा, म्हणजे ६० टक्के, निकामी. सरासरीच्या आड असा एक माणूस दडून राहतो. आणि बहुधा ज्याच्या हाताला सर्वाधिक कष्ट पडले, तोच हा माणूस असतो.

ही केवळ कल्पना नव्हे. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ओळख पटवण्यातील अपयशाचे त्या वेळचे अंदाज नमूद केलेले आहेत. गुजरातसाठी ६ टक्के आणि आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यासाठी ५ टक्के. पण राजस्थानसाठी ३७ आणि झारखंडसाठी ४९ टक्के. देशाची एकच सरासरी काढली असती, तर हे अंतर कोणाच्या नजरेस पडले नसते.

आता दुसरी बाजू, परक्या बोटाची. संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपा आडाखा आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या ३०० चाचण्यांत एकदाही चूक झाली नाही, तरी चुकीचे खरे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी आहे, एवढेच ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. तीनला चाचण्यांच्या संख्येने भागायचे, इतका तो सोपा आहे. या हिशेबाने लाखात एक हा माहितीपत्रकातील दावा तपासायचा, तर एकही चूक न होता ३ लाख चाचण्या कराव्या लागतील. टेबलावर बसून ते शक्य नाही. पण कोणता दावा आपण पडताळला आणि कोणता केवळ विश्वासाने मान्य केला, यातील भेद कळणे हेच या प्रयोगाचे मोठे फलित आहे. हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा भेद मोलाचा वाटेल.

प्रयोगाची मर्यादा आणि सुरक्षेची वाट

टेबलावरील हा संच शिकण्यासाठी आहे, पैशाच्या व्यवहारासाठी नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. त्यातील नमुने आणि ठशाचे चित्रही साध्या आज्ञेने तारेवरून बाहेर काढता येते. परवलीचा शब्द बाहेर फुटला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. म्हणून प्रयोगात ज्यांची बोटे घ्यायची, त्यांची आधी संमती घ्यावी आणि प्रयोग संपताच सेन्सरमधील सर्व नमुने पुसून टाकावेत. त्यासाठी स्वतंत्र आज्ञा उपलब्ध आहे.

खोट्या बोटांचा धोकाही नवा नाही. २००२ मध्ये जपानमधील योकोहामा येथे त्सुतोमू मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनची कृत्रिम बोटे तयार करून ती ११ ठसायंत्रांवर तपासली, तेव्हा सर्वच यंत्रे फसली. आपल्याकडेही दस्तऐवजांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे काही राज्यांत उघडकीस आले. त्यामुळे बँक मित्राकडे नोंदणीकृत उपकरणेच वापरणे बंधनकारक आहे. ती ठशाची माहिती सांकेतिक रूपात बंद करूनच पुढे पाठवतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने सूक्ष्मबिंदूंबरोबर बोटाचे चित्रही तपासून ते जिवंत बोटाचे आहे की नाही, हे पारखणारी यंत्रणा लागू केल्याचे जाहीर केले.

पहारा असा कडक होत जातो, ते योग्यच आहे. पण पहारा कडक झाला की खऱ्या माणसासाठी दुसरे दारही तितकेच मोकळे असावे लागते. बँकांना ही शिकवण नवी नाही. सही करता न येणाऱ्या आजारी वा वृद्ध खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेला परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेऊन, पैसे देण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हात चालेनासा झाला तरी माणसाचा त्याच्या पैशावरील हक्क संपत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीचा पर्याय मिळाला, तोही याच वाटेवरचा.

ग्राहकांनी लक्षात ठेवण्याजोगे

यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. त्वचा फारच कोरडी असेल, तर बोटावर हलकी फुंकर घालावी किंवा तळहातावर बोट चोळावे. तेवढ्या ओलाव्यानेही रेषा काचेला टेकतात. बोटाचे टोक न टेकवता मधला भाग सपाट ठेवावा आणि फार दाबू नये. अंगठा जुळत नसेल, तर इतर बोटे वापरून पाहावीत. दहांपैकी कोणते बोट हमखास जुळते, हे एकदा कळले की ते लक्षात ठेवावे. वरचेवर नकार येत असेल, तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवून घ्यावेत. व्यवहाराची रक्कम पाहिल्याशिवाय काचेवर बोट ठेवू नये आणि पावती घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. नकार आला असतानाही खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, तर विनाविलंब शाखेत कळवावे. ज्यांना बोटाने व्यवहार करायचाच नाही, त्यांना आधारमधील आपली बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय उपलब्ध आहे.

बाजाराच्या दिवशी नकार घेऊन परतणाऱ्या त्या आजींना उंबरठा, सूक्ष्मबिंदू आणि सरासरी यांच्याशी काही देणेघेणे नाही. त्यांना औषध घ्यायचे आहे, नातवाला वही घ्यायची आहे. पण यंत्रापलीकडे बसलेल्याला, मग तो बँक मित्र असो वा शाखेतील अधिकारी, या गोष्टी ठाऊक असल्या तर त्याचे बोलणे बदलते. "तुमचा अंगठा चालत नाही" असे न म्हणता तो म्हणतो, "यंत्राला आज तुमचा अंगठा नीट दिसला नाही. बसा, आपण दुसऱ्या मार्गाने पाहू." आजींचे हात कष्टाने झिजले आहेत, आणि त्याच कष्टाचे पैसे त्यांच्या खात्यात जमा आहेत.